धुळे, जळगाव आणि चिरंजीवांचे साम्राज्य

जळगावात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात रस्त्यावर दोनच माणसे दिसतात. एक लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारा वधूपिता आणि दुसरा त्याच्या स्कूटरवर मागे बसून पत्रिकांची पिशवी सांभाळणारा त्याचा मेव्हणा. बाकीचे सारे गाव कूलरसमोर निपचित पडलेले असते. अशा दिवसांत बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा घरात असला, की त्याने दिवसभर करावे काय हा प्रश्न त्याला पडत नाही, आपल्याला पडतो. आमच्या चिरंजीवांनी तो परस्पर सोडवला होता. माझ्या टेबलावरचा संगणक त्यांनी ताब्यात घेतला आणि त्यावर साम्राज्य उभारायला सुरुवात केली.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर या अमेरिकन गृहस्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९१ साली प्रथम बाजारात आणला आणि त्याच्या नवनव्या आवृत्त्या निघतच राहिल्या. हा खेळ बुद्धिबळासारखा, म्हणजे आपली खेळी झाली की दुसऱ्याची. घाई नाही, धावपळ नाही, बंदुकांचे आवाज तर फारच थोडे. ख्रिस्तपूर्व ४००० या साली एका अनोळखी मुलखात एक बिऱ्हाड तुमच्या हवाली केले जाते. ते कुठे उतरवायचे, गाव कुठे वसवायचे, हे तुम्ही ठरवायचे. पुढची सहा हजार वर्षे त्याच एका निर्णयाची फळे भोगायची! लग्न आणि घर यांखेरीज इतक्या दूरवर पोचणारा निर्णय मी तरी आयुष्यात कधी घेतलेला नाही.

पहिल्या दोन दिवसांत चिरंजीवांची तीन साम्राज्ये बुडाली. पहिल्या वेळी त्यांनी डोंगराखाली गाव वसवून आधी तटबंदी बांधायला काढली. दुसऱ्या वेळी गावात जेमतेम दोन घरचे लोक असताना पिरॅमिड बांधायला घेतले. मी पाठीमागे उभा राहून हे पाहत होतो आणि ‘प्रपंच करावा नेटका’ या विषयावर काही सुनवावे अशा बेतात होतो. परंतु चौथ्या डावात त्यांनी स्वतःच धडा घेतला आणि मला खेळाचे नियम समजावून सांगितले. आयुष्यभर वर्गात मी बोलतो आणि मुले ऐकतात. त्या दुपारी मी ऐकले.

नियम सोपे आहेत. गावातला एकेक माणूस दोन घास खातो. शिवारात त्याहून जास्त पिकले तर उरलेले कणगीत जाते आणि कणगी भरली की गावात एक माणूस वाढतो. पण नुसते धान्य असून भागत नाही. घरे हवीत. घरे कमी पडली तर कणगी ओसंडत असली तरी गाव रखडते. आणि घरे किती होतील हे पाण्यावर ठरते. नदीकाठच्या गावाला सर्वांत जास्त, समुद्रकाठच्याला त्याहून कमी आणि कोरड्या माळावरच्याला सर्वांत कमी. सुरुवातीच्या शंभर खेळ्यांत ज्याने हे साधले तो पुढे तरला.

“आणि दुसरं गाव वसवायचं असेल तर?” मी विचारले.

“मग पहिल्या गावातून नवीन बिऱ्हाड पाठवायचं. पण बाबा, ते पाठवलं की पहिल्या गावातला एक माणूस कमी होतो.”

हे तो अगदी सहज म्हणाला. त्याला जूनमध्ये पुण्याला जायचे होते. मी विषय बदलला आणि म्हणालो, “उद्या माझ्याबरोबर धुळ्याला चल. असले एक गाव तुला दाखवतो.”

धुळ्याला मला जायचेच होते, पण गाव दाखवायला नव्हे. तिथल्या चौथ्या गल्लीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. धाब्याचे, सागाच्या खांबांचे, पुढे रुंद ओटा असलेले. आहे म्हणजे त्या दिवसापर्यंत होते. थोरल्या चुलतभावाने, आमच्या दादाने, ते विकायचा सौदा ठरवला होता आणि माझी सही तेवढी राहिली होती. फोनवर मी ‘येतो, येतो’ म्हणत चार महिने ढकलले होते.

सकाळच्या एसटीने निघालो. जळगाव सोडले की बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. मे महिन्यात गिरणा म्हणजे वाळूचे एक रुंद अंगण. चिरंजीवांनी खिडकीतून पाहून विचारले, “आपलं जळगाव या नदीच्या काठावर का नाही वसवलं?” प्रश्न रास्त होता. खेळाच्या नियमाने पाहिले तर जळगावची जागा चुकलेलीच आहे. नदी काही मैल पलीकडे, गावाजवळ पाण्याचा आधार म्हणजे मेहरूणचा तलाव. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या भागातले नाव घेण्याजोगे गाव म्हणजे नशिराबाद. १८८०च्या सुमारास तालुकासुद्धा नशिराबादच्या नावाने ओळखला जाई आणि जळगाव त्या तालुक्यात मोडे! आज नशिराबाद जळगाव तालुक्यात मोडते.

हे उलटापालट कशाने झाले? आगगाडीने आणि कापसाने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि लँकेशायरचे व्यापारी हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे पाहू लागले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळघाट चढून खानदेशात शिरला आणि चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोचला. कापसाचा भाव आभाळाला भिडलेला आणि दारात आगगाडी! जळगाव एका रात्रीत नव्हे, पण एका पिढीत बाजारपेठ झाले. १८६४ साली नगरपालिका आली. पुढच्या दशकात मुळजी जेठा यांची सूतगिरणी उभी राहिली, तीच आमची खानदेश मिल. तिच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी माणसे मी पाहिली आहेत. भोंगा आता वाजत नाही. धरणगाव आणि एरंडोल ही जुनी नामांकित गावे मात्र मुख्य मार्गाबाहेर राहिली. लोहमार्गाने त्यांच्याशी वैर धरले होते असे नाही. इंजिनिअराने नकाशावर रेघ ओढली, त्या रेघेखाली एक गाव आले, दुसरे आले नाही.

“म्हणजे ट्रेड रूट,” चिरंजीव म्हणाले. “व्यापारी मार्ग जोडला की बाहेरचं धान्य गावात येतं. मग नदी नसली तरी चालतं.”

एम. ए.ला मला खानदेशच्या अर्थकारणावर कोणी इतक्या थोडक्यात शिकवले नव्हते.

पाळधी, एरंडोल, पारोळा. पारोळ्याला गाडी दहा मिनिटे थांबली. तिथला भुईकोट गावाच्या पोटातच आहे आणि त्याच्या खंदकाभोवतीचा बाजार किल्ल्यापेक्षा जास्त जिवंत आहे. आमच्या शेजारी डोक्याला उपरणे गुंडाळलेले एक म्हातारे येऊन बसले आणि ओळखदेख नसताना “बठ्ठं बरं शे ना भाऊ?” म्हणून चौकशी करून मोकळे झाले. अहिराणी कानावर पडली की आपण धुळ्याकडे सरकतो आहोत हे मला मैलाच्या दगडाशिवाय कळते. चिरंजीवांना अहिराणी समजते, बोलता येत नाही. हा दोष त्यांचा नव्हे, घरात शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या त्यांच्या वडिलांचा.

फागणे मागे पडले, आणि दक्षिणेला लळिंगचा डोंगर दिसू लागला. लळिंगचा किल्ला फारुकी सुलतानांचा. त्यांचा मूळपुरुष मलिक राजा याला १३७० साली फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंद हे परगणे दिले. थाळनेर तापीकाठी, लळिंग डोंगरावर. दोन्हीकडे तट आणि दोन्हीकडे दरबार. त्याच्या मुलाने असीरगड घेतला, १४००च्या सुमारास तापीवरच बुऱ्हाणपूर वसवले आणि वैभव तिकडे गेले. थाळनेरला आज फारुकींची थडगी आहेत आणि एक साधेसे खेडे आहे. आमच्या घरात सांगत, की आपण मूळचे थाळनेरचे. १८१८च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी थाळनेरच्या गढीवर हल्ला केला, आतले शिबंदीचे लोक कापले गेले, किल्लेदाराला फाशी दिले. त्या धामधुमीनंतर आमच्या एका पूर्वजाने बायकापोरे गाडीत घातली आणि तो धुळ्याला आला. कागदाचा पुरावा नाही. खरे-खोटे तापी जाणे.

तो धुळ्यालाच का आला, हे मात्र कागदोपत्री आहे. ते मी चिरंजीवांना पांझरेच्या पुलावर उभे राहून सांगितले, कारण ते तिथेच सांगण्यासारखे आहे.

धुळे हे दोनदा वसलेले गाव आहे. १८०३ साली होळकरांच्या स्वाऱ्या आणि भयंकर दुष्काळ यांनी ते साफ ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत या गृहस्थाने पुन्हा माणसे आणून ते उभे केले. १८१८त खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. हा ब्रिग्ज नुसता शिपाईगडी नव्हता, फारसी जाणणारा होता. फिरिश्त्याच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर पुढे यानेच केले. त्याच्यासमोर बुऱ्हाणपूरसारखी ठिकाणे नव्हती, ओसाड मुलूख होता. भिल्लांच्या टोळ्या डोंगरात, वाघ गावाच्या वेशीपर्यंत. १८१९ साली धुळ्यात मोजून ४०१ घरे आणि २५०९ माणसे होती. घरटी सहा. पांझरा आणि पाण्याचा पाट यांच्यामध्ये कोंडलेले, बागायतीने वेढलेले एक छोटे गाव, असे त्याने स्वतःच त्याचे वर्णन केले आहे.

आता यातली गोम पाहा. पाणी होते. धान्य होते. आणि ते ब्रिग्जने आणलेले नव्हते, आधीच्या कित्येक पिढ्यांनी करून ठेवले होते. साक्रीकडून खाली येताना पांझरेवर लहान लहान बंधारे लागतात. बंधाऱ्यातून पाट निघतो. त्या पाटाखाली भिजणारी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस, तर पलीकडच्यात कडधान्य, पुढच्या साली अदलाबदल. शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे एकाचे भले आणि दुसऱ्याचे वाटोळे होत नाही. पाणी कमी आले तर सगळ्यांनाच कमी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. यात सरकार नाही, कचेरी नाही. शेकडो वर्षे हे चालत आले. महाराष्ट्राने सहकार शिकवला असे आपण भाषणांत म्हणतो, तेव्हा पांझरेच्या फडांची आठवण कितीजण काढतात?

तेव्हा कणगी भरलेली होती. कमी होती ती घरांची आणि निर्धास्तपणाची. १८१९च्या जानेवारीत ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली, लांबलांबहून कारागीर आणले आणि नव्या पेठेत जो घर बांधील त्याला जागा भाडे न घेता, कायमची दिली. जुने रहिवासी असोत की परके, पक्के घर बांधायला आगाऊ रक्कमही दिली. आमचा थाळनेरवाला पूर्वज या जागेच्या आशेने आला असावा. लळिंगच्या तटाने जे झाले नाही ते फुकटच्या जागेने झाले. १८७२ सालच्या खानेसुमारीत धुळ्याची वस्ती साडेबारा हजारांना टेकली होती. त्याच साली पांझरेला मोठा पूर आला आणि तिने कितीतरी घरे नेली. नदीकाठी राहण्याचे भाडे नदी अशा रीतीने वसूल करते.

चिरंजीव कठड्याला टेकून कोरड्या पात्राकडे पाहत होते. म्हणाले, “म्हणजे याने आधी हाउसिंग वाढवलं. बरोबर खेळला.”

मग आम्ही गल्ल्यांतून चालत गेलो. मुंबई-पुण्यात रस्त्यांना माणसांची नावे असतात, धुळ्यात आकडे. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी. आग्रा रोडला समांतर, सरळ, जणू लेखनाच्या वहीतल्या ओळी. जुन्या धुळ्यातली वाकडी बोळे ओलांडून इकडे आले की हाताने लिहिलेल्या कागदावरून छापील कागदावर आल्यासारखे वाटते. या आखणीचे श्रेय धुळेकर अभिमानाने विश्वेश्वरय्यांना देतात. ते महापुरुष १८८४ साली सहायक इंजिनिअर म्हणून धुळ्यात आले होते आणि नोकरीतले पहिले काम, पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ नेण्याचे, त्यांनी याच जिल्ह्यात केले, हे खरे. पण नवी पेठ वसली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. हे मी एकदा धुळ्याच्या एका लग्नात बोलून दाखवले होते. पंगतीत माझ्या पानावर तूप वाढायला कोणी आले नाही.

पहिल्या गल्लीत राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू लागते. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले. नुसत्या व्यापाराच्या गावात त्यांची दप्तरे टिकली असती का, मला शंका आहे. मंडळ मला नवे नाही. हस्तलिखिते पाहायला मी इथे कितीदा तरी आलो आहे आणि प्रत्येक वेळी चौथ्या गल्लीत न जाता परत गेलो आहे.

या वेळी जावे लागले. दादाने ओट्यावर सतरंजी टाकली होती. वहिनींनी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस केला होता. घर विकण्याच्या दिवशी सणाचा स्वयंपाक का, हे मी विचारले नाही. वहिनींनीही सांगितले नाही. खापर त्या पुढे फ्लॅटमध्ये नेणार नव्हत्या, हे माजघरात बांधून ठेवलेले सामान पाहून कळत होते.

जेवण झाल्यावर चिरंजीवांनी दादाला सरळ विचारले, “काका, घर का विकताय?”

“राहायचं कोणी?” दादा म्हणाला. “माझा एक नाशकाला, एक गुजरातेत. तुझा बाप जळगावला. तू पुण्याला चाललास. मी आणि तुझी काकू, दोन माणसांना नऊ खोल्या झाडाव्या लागतात. आणि पावसाळ्यात धाब्यावर माती टाकायला माणूस मिळत नाही, ते वेगळंच.”

याला उत्तर नव्हते. घराणे थाळनेरहून धुळ्याला आले तेव्हा थाळनेरात कोणीतरी असेच खोल्या झाडत मागे राहिले असणार. त्याची आठवण आमच्या घरात कोणी कधी काढली नाही. आम्हाला फक्त आलेला पूर्वज ठाऊक आहे.

“खेळात पहिली राजधानी कोणालाच पाडता येत नाही,” चिरंजीव हळूच मला म्हणाले. “शत्रूनं जिंकली तरी.”

“खेळात धाबं गळत नाही,” मी म्हणालो. आणि दुपारी निबंधकांच्या कचेरीत जाऊन सही केली. चार महिने ढकललेले काम वीस मिनिटांत संपले.

परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. एरंडोलच्या पुढे चिरंजीवांनी विचारले, “धुळ्यानं इतकं बरोबर खेळूनही जळगाव मोठं कसं झालं?” मी सांगितले, की धुळ्याला आगगाडी १९०० साली आली, तीही चाळीसगावहून निघालेला फाटा म्हणून. तोवर तीस-पस्तीस वर्षे मुख्य मार्गावरच्या जळगावने माल भरून घेतला होता. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. ज्या गावाला कालपरवापर्यंत तालुक्याचे नावही नव्हते ते ब्रिग्जच्या धुळ्याच्या बरोबरीने बसले. २०११च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर आणि धुळे पावणेचार लाख. महानगरपालिका मात्र दोघांना एकाच वर्षी मिळाली, २००३ साली.

“पण चुकलं कोणाचं?”

“कोणाचंच नाही. खेळ मधेच बदलला.”

जळगावात शिरताना नगरपालिकेची सतरा मजली इमारत दुरून दिसली. “हे आपलं पिरॅमिड,” चिरंजीव म्हणाले, आणि त्या दिवसात प्रथमच आम्ही दोघे मोकळे हसलो.

त्या रात्री त्यांनी नवा डाव मांडला. बिऱ्हाड नदीकाठी उतरवले आणि पहिल्या गावाला धुळे असे नाव दिले. त्या खेळात गावांची नावे बदलता येतात. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि धुळ्याची लोकसंख्या तीन झाली होती. भोवती शेते होती, धान्याचे कोठार बांधून झाले होते, तट नव्हता. पडद्यावर नवे बिऱ्हाड तयार असल्याची सूचना आली होती आणि त्यांचे बोट बटणावर थांबले होते.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नाही. कुठे पाठवू ते बघतोय.”

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुण्याला गेले. त्यांचे सामान बांधताना सौभाग्यवतींनी डब्यात कळण्याचे पीठ घातले. वसतिगृहात ते भाजणार कोण, याचा विचार त्यांनी केला नव्हता. संगणक पुन्हा माझा झाला. दोन-तीन दिवस मी त्याला हात लावला नाही. मग गुणपत्रिकांची एक यादी करायला बसलो, तर तो डाव तसाच उघडा होता. नवे बिऱ्हाड गावाबाहेर टेकडीवर उभे होते, धुळ्याच्या नावापुढे दोनचा आकडा होता आणि त्याखाली लिहिले होते, की पुढचा माणूस वाढायला अजून सात खेळ्या आहेत. मला खेळता येत नाही. मी यादी दुसऱ्या दिवशी करायचे ठरवले आणि डाव तसाच राहू दिला.